डॉक्टर नव्हत्या, मग कोण होत्या?

आमच्या ओळखीचे एक कुटुंब मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांच्या खाला गेली वीस-पंचवीस वर्षे अमेरिकेत शिकागोजवळ लेकाकडे राहतात. त्यांना स्तनाचा कर्करोग निघाला, ऑपरेशन झाले, केमोथेरपी सुरू झाली. दुसऱ्या केमोच्या दिवशी त्यांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला, "आज डॉक्टरसाहेब आलेच नाहीत. एका पोरीने तपासले, तिनेच औषध लिहून दिले आणि तिनेच केमो सुरू करायला सांगितली." झाले. इकडे गावात एकच गोंधळ उडाला. कोणी म्हणाले, परदेशातही आपल्या माणसांना दुय्यमच वागणूक मिळते. कोणी म्हणाले, विम्याचे पैसे वाचवण्यासाठी नर्सच्या हातून काम उरकून घेतात. शेवटी त्यांच्या भाच्याने आम्हाला विचारले, "डॉक्टर नव्हत्या, मग त्या कोण होत्या?"

त्या नर्स प्रॅक्टिशनर होत्या. अमेरिकेत कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या बहुतेकांची त्यांच्याशी किंवा त्यांच्यासारख्याच फिजिशियन असिस्टंटशी कधी ना कधी गाठ पडतेच. आपल्याकडे ही दोन्ही नावे फारशी कानावर येत नाहीत, म्हणून आधी ती समजून घेऊ.

दोन्ही पेशांचा जन्म एकाच वर्षी, १९६५ मध्ये झाला. कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड नावाच्या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून नर्सना तपासणी आणि उपचाराचे पुढचे शिक्षण देणारा पहिला अभ्यासक्रम काढला, कारण खेड्यापाड्यांतल्या मुलांना डॉक्टर मिळत नव्हते. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात जखमींची शुश्रूषा केलेल्या चार जणांना हाताशी धरून फिजिशियन असिस्टंटचा वर्ग सुरू केला. त्यातले तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. नर्स प्रॅक्टिशनर आधी नर्स असते आणि त्यावर पदव्युत्तर शिक्षण घेते. फिजिशियन असिस्टंट पदवीनंतर वैद्यकशास्त्राच्या धर्तीवर दोन ते तीन वर्षे शिकतो. दोघांनाही परवाना लागतो. औषध लिहून देण्याचा अधिकार दोघांनाही असतो, मात्र त्याची मर्यादा राज्याराज्यांत वेगळी आहे.

कर्करोगाच्या विभागात रोग कोणता, तो कितपत पसरला आहे, शस्त्रक्रिया आधी की केमो आधी, कोणती औषधे द्यायची हे कर्करोगतज्ज्ञच ठरवतो. पण एकदा ठरलेला उपचार पुढे चार-सहा महिने चालतो आणि रुग्णाची खरी परीक्षा त्या महिन्यांतच असते. दर केमोआधी रक्ताचा अहवाल पाहायचा, पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत का ते बघायचे, उलट्या थांबत नसतील तर औषध बदलायचे, तळपायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांशी बोलून मात्रा कमी करायची, कुठे अस्थिमज्जेचा नमुना घ्यायचा, उपचार संपल्यावर वर्षानुवर्षे तपासणीला बोलवत राहायचे, हे सारे ही मंडळी करतात. खालांना त्या दिवशी तपासणाऱ्या बाईंनी हेच केले होते. डॉक्टरांनी आखलेली केमो त्या दिवशी देणे सुरक्षित आहे याची त्यांनी खात्री करून घेतली होती.

आता भाच्याचा खरा प्रश्न. ही दुय्यम सेवा तर नव्हे?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात झालेला एक अभ्यास आम्हाला या बाबतीत फार बोलका वाटतो. कर्करोग पसरलेल्या आणि केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची पद्धत, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टर विचारतील तेव्हा सांगायचे किंवा अगदीच राहवले नाही तर फोन करायचा. दुसऱ्या गटातल्यांनी बारा नेहमीच्या तक्रारींबद्दल, म्हणजे दुखणे, मळमळ, धाप, थकवा, जुलाब अशांबद्दल, संगणकावर स्वतःच नोंद करायची. तक्रार वाढलेली दिसली की लगेच नर्सला सूचना जायची आणि ती फोन करायची, औषध बदलून घ्यायची किंवा रुग्णाला बोलावून घ्यायची. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीतल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान २६ महिने भरले आणि वेळच्या वेळी सांगणाऱ्यांचे ३१.२ महिने. पाच महिन्यांचे आयुष्य वाढवणारे औषध बाजारात आले तर त्याची किंमत लाखांत असते. इथे ते मिळाले ते रुग्णाने सांगितल्यामुळे आणि नर्सने ऐकल्यामुळे.

बोस्टनमधला २०१० चा अभ्यासही असाच आहे. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिल्यापासून, म्हणजे शेवट जवळ येण्याची वाट न पाहता, वेदना आणि मनाची काळजी घेणारे डॉक्टर आणि उच्चशिक्षित नर्स नियमित भेटत राहिले. त्या रुग्णांना उदासी कमी आली. अखेरच्या दिवसांत त्यांच्यावर जोरकस उपचारांचा माराही कमी झाला. तरीही ते सरासरी जास्त जगले, ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने.

हे वाचून आम्हाला आमच्याच घरातली एक गोष्ट आठवली. लिहावी की नाही असा विचार बरेच दिवस केला. आमच्या एका फुफींना छातीत गाठ लागली होती. त्यांनी आठ महिने कोणाला सांगितले नाही. घरात लेक होती, सून होती, गल्लीच्या टोकाला दवाखाना होता. दवाखान्यात पुरुष डॉक्टर होते एवढेच कारण. गाठ दुखत नव्हती, म्हणून काही नसेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. (गाठ दुखत नाही म्हणजे धोका नाही, हा समज अनेक घरांत आहे आणि तो चुकीचा आहे.) शेवटी त्या बोलल्या त्या एका नर्सशीच. सुनेच्या बाळाला लस टोचायला आलेल्या सिस्टर जाताजाता म्हणाल्या, "फुफी, तुम्ही कशा आहात?" तेवढ्या एका प्रश्नावर त्यांनी दार लावून घेतले आणि सगळे सांगितले. तोवर रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. फुफी आज नाहीत. अल्लाह त्यांना मगफिरत देवो.

हया हा आपल्या ईमानाचा भाग आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण हयेच्या नावाने आजार लपवायला दीनने कधी सांगितलेले नाही. इलाज करण्याची तर ताकीद आहे. स्त्री तपासणारी मिळाली तर तिच्याकडे जावे आणि न मिळाली तर गरजेपुरती पुरुष डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यास मुभा आहे, हे आपले उलेमा सांगत आले आहेत. आणि शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीचे स्थान आपल्या इतिहासात काही कालपरवाचे नाही. हजरत रुफैदा अस्लमिया यांचा तंबू मदिन्यात मस्जिदे नबवीच्या आवारात होता. हिजरी ५ मध्ये खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज यांना बाण लागला, तेव्हा त्यांना उपचारासाठी त्याच तंबूत नेण्यात आले, असे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. ज्या उम्मतच्या मस्जिदे नबवीला लागून शुश्रूषेचा तंबू होता, त्या उम्मतच्या घरांत आज मुलगी नर्सिंगला जाते म्हटले की नाके मुरडली जातात. रात्रपाळी असते, पुरुष रुग्ण असतात, स्थळ येत नाही! आणि मग त्याच घरातल्या बाईला दवाखान्यात नेताना आपण विचारतो, तिथे लेडीज कोणी आहे का?

बाईने बाईला तपासण्याने काय साधते याचा मोठा पुरावा अमेरिकेतला नाही, आपल्या मुंबईतला आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक काम सुरू केले. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा त्यात समावेश होता. तपासणीचे काम डॉक्टरांना दिले नाही, नर्सनाही नाही. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना निवडून काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. त्या वस्तीत जायच्या, बायांशी बोलायच्या, दर दोन वर्षांनी स्तन हाताने तपासायच्या आणि गर्भाशयाच्या मुखाला चार टक्के ॲसिटिक ॲसिड लावून पाहायच्या. म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातले व्हिनेगरच. मिनिटभरात तिथे पांढुरका डाग उमटला तर पुढच्या तपासणीला रुग्णालयात पाठवायचे. ना प्रयोगशाळा, ना अहवालाची वाट.

डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी या कामातला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा निष्कर्ष २०१३ मध्ये शिकागोलाच भरलेल्या कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडला. तपासणी झालेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. स्तनाच्या तपासणीचा वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये आला. रोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही सांगायला हवे. आणखी एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. तुलनेसाठी जो दुसरा निम्मा गट ठेवला होता त्यातल्या स्त्रियांना कर्करोगाची माहिती दिली गेली, पण ही तपासणी केली गेली नाही. त्यावर पुढे कडक टीका झाली. आम्हाला ती गैरवाजवी वाटत नाही. पण जे सिद्ध झाले ते त्यामुळे खोटे ठरत नाही. दहावी शिकलेली, नीट शिकवलेली, वस्तीतल्या बायकांना आपली वाटणारी बाई कर्करोगाचे मरण टाळू शकते.

पुढे केंद्र सरकारने तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाच्या कर्करोगासाठी आणि स्त्रियांची स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही तपासणी करण्याचा कार्यक्रम आखला. तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात एएनएम किंवा स्टाफ नर्सने ती विनामूल्य करायची असते. आशाताई घरी येऊन तंबाखू, वजन, लक्षणे विचारत फॉर्म भरतात, तो याचसाठी. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा भरल्या नाहीत. स्तनाची तपासणी झालेल्या तर एकीपेक्षाही कमी. सोय कमी आहे हे खरे, पण आशाताई दारात आल्यावर "आमच्याकडे कोणाला काही नाही" म्हणून त्यांना परत पाठवणारी घरेही आम्ही पाहिली आहेत.

आपल्या देशात नर्स प्रॅक्टिशनर आहेत का, असेही भाच्याने विचारले. अतिदक्षता विभागासाठी आणि बाळंतपणासाठी तसे अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने सुरू केले आहेत. कर्करोग शुश्रूषेची एक वर्षाची पदविका आहे. पण अमेरिकेसारखा, कर्करोग विभागात स्वतः तपासून औषध लिहिणारा हुद्दा आपल्याकडे रुजलेला नाही. फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण चेन्नईत १९९२ पासून आहे आणि २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांत त्यांना स्थान मिळाले आहे. म्हणजे नावे आहेत, माणसे थोडी आहेत. प्रत्यक्षात डे-केअर वॉर्डात एक सिस्टर डझनभर खुर्च्या सांभाळत असते. एका मोठ्या रुग्णालयात आम्ही स्वतः पाहिले, शीर सापडत नाही म्हणून एक पोर रडत होती, दुसरीकडे सलाईन संपल्याची हाक येत होती आणि काउंटरवर कोणीतरी त्याच सिस्टरवर ओरडत होते. अशा सिस्टरकडून ऐकून घेण्याची अपेक्षा करताना थोडी लाज वाटते. तरीही सांगावे, कारण डॉक्टरांच्या चार मिनिटांत जे राहून जाते ते पोचवण्याची जागा तीच आहे.

काय सांगावे? सर्वांत आधी ताप. केमो चालू असताना अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप भरला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि काही तासांत जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी दिलेल्या नंबरावर फोन करून रुग्णालय गाठावे. तोंड येऊन पाणीही गिळवत नसेल, जुलाब थांबत नसतील, दम लागत असेल, हातातल्या पिक लाइनभोवती लाली किंवा पू दिसला, तर हेही पुढच्या तारखेपर्यंत राखून ठेवण्याच्या गोष्टी नाहीत.

मग आपल्या घरांतल्या खास गोष्टी. कलौंजी, शहद, हकीमसाहेबांचे माजून, कोणी दिलेली पुडी, जे काही पोटात जाते ते सिस्टरला सांगावे. ती रागावेल म्हणून बरेचजण लपवतात. पण काही जडीबुटी केमोच्या औषधांशी जुळत नाहीत किंवा यकृतावर ताण आणतात, आणि अहवाल बिघडला की डॉक्टर कारण भलतीकडेच शोधत बसतात. हिजामाबद्दल तर विचारल्याशिवाय पाऊलच टाकू नये. केमोत प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असताना त्वचेला छेद देणे म्हणजे रक्तस्राव आणि संसर्ग दोन्हींना वाट करून देणे आहे. जमजम आणि दुआ यांना कोणतीही सिस्टर आडकाठी करणार नाही.

रमजानात दरवर्षी हाच पेच पडतो. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे, तरी केमो चालू असलेली अम्मी सहरीला उठून बसते आणि घरचे गप्प राहतात. किती पाणी पोटात जायला हवे, गोळ्यांच्या वेळा हलवता येतील का, हे सिस्टरला विचारावे आणि कजा की फिदिया हे मौलानांना. दोन प्रश्न, दोन दारे. वुजूचेही तसेच. पिक लाइनवर पाणी चालेल की नाही हे वैद्यकीय उत्तर सिस्टर देते आणि ते घेऊन मसह की तयम्मुम हे मुफ्तीसाहेबांना विचारायचे. पोटावर स्टोमाची पिशवी लागलेले कितीतरी लोक नापाकीच्या भीतीने नमाजच सोडतात, मस्जिदीत जायचे सोडतात. त्यांच्यासाठी शरीयतमध्ये माजूरचे वेगळे हुकूम आहेत आणि पिशवी गळू नये म्हणून ती कशी कापावी, कशी चिकटवावी हे शिकवणाऱ्या नर्सही मोठ्या रुग्णालयांत असतात. वेदनेसाठी दिले जाणारे मॉर्फिन नशा आहे म्हणून नाकारणारेही आम्हाला भेटले. तज्ज्ञाने गरज पाहून दिलेल्या अशा औषधाला बहुतेक उलेमा मुभा देतात. शंका असेल तर विचारावे, पण रुग्णाला रात्रभर तळमळत ठेवू नये.

एक इशाराही द्यायला हवा. ब्रिटनमध्ये फिजिशियन असोसिएट या नावाने काम करणाऱ्यांवरून गेल्या काही वर्षांत मोठे वादळ उठले, कारण काही रुग्णांना आपल्याला तपासणारी व्यक्ती डॉक्टर नाही हे कळलेच नव्हते. निदानात चुका झाल्या, माणसे दगावली. २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या चौकशीने हुद्द्याचे नाव बदलून पुन्हा असिस्टंट करावे आणि निदान न झालेले रुग्ण त्यांनी सरसकट पाहू नयेत, असे सुचवले. आपल्याकडे तर पांढरा कोट घातलेला प्रत्येकजण डॉक्टरसाहेब होतो, कंपाउंडरसुद्धा. म्हणून पहिल्याच भेटीत अदबीने विचारावे, आपण कोण, आपले शिक्षण काय, मोठ्या डॉक्टरांना माझ्याबद्दल कधी सांगता? चांगली नर्स किंवा असिस्टंट या प्रश्नाने दुखावत नाही.

केरळात हे काम रुग्णालयाबाहेर कसे गेले तेही पाहण्यासारखे आहे. १९९३ मध्ये कालिकतला वेदना आणि परिहार सेवेची संस्था सुरू झाली. पुढे मुस्लिम बहुसंख्य मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावचे लोक त्यात उतरले. घरोघर जाणारी नर्स, तिच्यासोबत गावचे स्वयंसेवक आणि खर्चाला लोकांनी दिलेले छोटे छोटे पैसे. जखम धुणे, नळी बदलणे, वेदनेची मात्रा बघणे, घरच्यांना उचलायला-बसवायला शिकवणे हे नर्स करते आणि गरज लागली तर डॉक्टरांना बोलावते. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचे धोरणच केले. आपल्या जमाती अ‍ॅम्ब्युलन्स घेतात, त्यावर देणगीदारांची नावे रंगवतात. सदका-लिल्लाहच्या पैशातून तालुक्याला एक प्रशिक्षित नर्स पगारावर ठेवली तर तिच्यावर नाव रंगवता येणार नाही, ही अडचण आम्ही समजू शकतो.

खालांची सहावी केमो झाल्यावर पुन्हा फोन आला. आता त्या त्या बाईंची वाट पाहतात. त्यांच्या सांगण्यावरून खालांनी एक वही केली आहे. त्यात तारीख, ताप, किती वेळा उलटी, झोप लागली का, कुठे दुखले हे सारे मराठीतच लिहितात आणि जाताना गाडीत नातीकडून इंग्रजी करून घेतात. चौथ्या केमोनंतर बोटे बधिर होत असल्याची एक ओळ त्यात होती. ती वाचून बाईंनी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा कमी केली. खाला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब विचारायचे, कशा आहात? मी म्हणायचे, अल्हमदुलिल्लाह, बरी आहे. ही पोरगी म्हणते, ते ठीक, पण कुर्त्याची बटणे स्वतः लावता येतात का ते सांगा."